नऊ नंबरची नोटीस

बाबा,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो आहे तेही आठवण अनावर झाली म्हणून नाही. खोटं कशाला बोलू. माझ्या हातून एक चूक झाली आहे. तिला चूक म्हणणं हेसुद्धा जरा सांभाळूनच म्हणणं झालं. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळत नाही. घरात बायको आहे, नागपूरला शिकणारी मुलगी आहे, कार्यालयात वीस-वीस वर्षांचे सोबती आहेत. पण यांच्यापैकी कोणालाही सांगायला बसलो की दुसऱ्या वाक्यापासून मी माझीच बाजू मांडायला लागतो. माझी वकिली सुरू होते आणि समोरचा बिचारा मान डोलावतो. तुमच्यासमोर मला वकिली कधी जमली नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी तलाठी होतो. आता मंडळ अधिकारी आहे. तुम्ही ज्यांना आरआय साहेब म्हणायचात आणि जे गावात आले की अंगणातली बाज झटकून द्यायचात, त्या खुर्चीवर मी बसतो. सातबारा आता हातानं लिहीत नाहीत, सगळा कॉम्प्युटरवर आहे. कोणाचं नाव जमिनीवर चढवायचं किंवा उतरवायचं असलं की तलाठी त्याची नोंद घालतो, ज्यांचा ज्यांचा हक्क असेल त्या सगळ्यांना नऊ नंबरची नोटीस जाते, पंधरा दिवस वाट पाहायची, आणि कोणाची हरकत आली नाही तर मी ती नोंद पक्की करायची. इतकं सगळं तुमच्या वेळचंच आहे. फरक सहीत आहे. तुमचे आरआय साहेब लाल शाईनं सही करायचे. माझी सही एका डोंगलमध्ये आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी काळी डबी असते, ती कॉम्प्युटरला लावायची, माझा एक गुप्त आकडा टाकायचा, बटण दाबायचं. कागदावर माझं नाव, तारीख आणि सेकंदापर्यंत वेळ उमटते, आणि बाजूला हिरवी खूण येते. त्या कागदावर ठिपक्यांचा एक चौकोन असतो. त्याच्यावर फोन धरला की कोणालाही कळतं, हा कागद खरा आहे, सही ज्याची त्याचीच आहे, आणि सही झाल्यावर एका अक्षराचाही बदल झालेला नाही.

हे काम वाईट नाही, ते आधी सांगतो. ब्लेडनं खरवडून नाव बदललेले सातबारे तुम्हीही पाहिले होते, मीही पाहिले. आता ते कोणाच्या बापाला जमणार नाही. शिवाय या सहीचा एक गुण असा की ती केल्यावर 'ही माझी नाही' असं म्हणताच येत नाही. हाताच्या सहीबद्दल माणूस कानावर हात ठेवू शकतो, कोणीतरी नक्कल केली म्हणू शकतो. इथे ती सोय नाही. नव्यानं डोंगल मिळालं तेव्हा आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलं होतं, आणि मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. परीक्षेला बसलेल्या पोरासारख्या.

तुम्ही तीस वर्षं गावची कोतवालकी केली. तुमच्या हाती ना शिक्का, ना सही. नऊ नंबरची नोटीस तुमच्या पायांनी जायची. तलाठ्याकडून ती दोनदा वाचून घ्यायची, तोंडपाठ करायची आणि धोतराच्या सोग्यात बांधून निघायचं. तुमचा एक नेम होता. ज्या घरी नोटीस दिली त्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय ती पोचली असं तुम्ही म्हणायचा नाहीत. काही घरी आत बोलावून हातात पाण्याचा गडवा द्यायचे, काही घरी सपरीच्या खाली, ओसरीबाहेर उभं करून ओंजळीत वरून ओतायचे. तुम्हाला दोन्ही चालायचं, निदान तुम्ही तसं दाखवायचात. पाणी पितापिता तुमचे डोळे घरभर फिरायचे. पुढे कधी वाद झाला, कोणी म्हणालं की आमच्याकडे नोटीस घेऊन कोणी आलंच नव्हतं, तर तुम्ही तहसीलदारासमोर त्या घराचा स्वयंपाक सांगायचात. चूल कोणत्या कोपऱ्यात, पाण्याची गुंडी पितळेची की मातीची, दांडीवर काय वाळत होतं. "साहेब, तवा भिताडाले टेकून ठेवला होता अना बुढी लसूण सोलून राह्यली होती." वाद तिथेच मिटायचा. आई तुम्हाला चिडवायची, "नोटीस द्याले जाता का लोकाइच्या चुली मोजाले?" तुम्ही हसायचात, पण नेम कधी मोडला नाही.

एक दिवस मात्र तो मी मोडायला निघालो होतो. मी भंडाऱ्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार दिवस घरी आलो आहे. धानाची रोवणी ऐन भरात आहे. तुम्हाला तीन दिवसांपासून ताप आहे, घोंगडं पांघरून चुलीजवळ पेज पीत बसला आहात. तुमच्याकडे एक नोटीस पडून आहे, नाल्याच्या पलीकडच्या गावातल्या एका विधवा बाईची, आणि तिची पोच उद्या तलाठ्याला द्यायची आहे. मला वाटलं, बापाला मदत करावी. कॉलेजात शिकणारा मुलगा, घरात लिहिता येणारा मी एकटाच. मी नोटिशीच्या पोचीवर झोकात लिहिलं, 'समक्ष तामील केली', शाईच्या डबीत माझा डावा अंगठा बुडवला आणि त्या बाईच्या नावापुढे ठेवून दिला. मग तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही कागद मागितलात. अक्षरं तुम्हाला लागत नव्हतीच, तुम्ही तो दाराच्या उजेडात धरून अंगठाच पाहिलात. बराच वेळ पाहिलात.

"हा कोनाचा आंगठा?"

"त्या बाईचा. काल गेलो होतो मी."

"रोवणीत आहे थे बाई. रोवणीतल्या बाईच्या आंगठ्याले रेघा राहतेत का? महिनाभर चिखलात घासून सपा होऊन जाते. हा त पुस्तक धरणाऱ्याचा आंगठा आहे."

आईच्या हातातला भात वेळायचा गंज तसाच राहिला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही हात उचलला नाहीत. तुम्ही म्हणालात, "तिले मालूमच नाही, अना कागद म्हणते का तिले मालूम आहे. उद्या हाच कागद तिच्या आंगावर जाईन. मंग थे कोणाले सांगन?" एवढंच. नंतर कधी या गोष्टीचा उल्लेखही केला नाहीत.

त्याच दुपारी तापात तुम्ही सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसलात आणि मी सायकल हाणली. नाल्याला टोंगळाभर, गुडघे बुडतील इतकं पाणी होतं, तिथे सायकल खांद्यावर घेतली. ती बाई चिखलाच्या बांधीत वाकून धान रोवत होती. तुम्ही बांधीच्या काठाला धुऱ्यावर उभं राहून तिला सगळी नोटीस तोंडपाठ ऐकवली, तिच्या दिराचं नाव, गट नंबर, पंधरा दिवस, सगळं. ती वर आली. बांधीच्या पाण्यातच तिनं हात धुतला आणि तुमच्याजवळ नेहमी असणाऱ्या कोऱ्या नमुन्यावर अंगठा ठेवला. उमटला तो नुसता निळा डाग. एकही रेघ नाही. तिच्या गडव्यातलं पाणी तुम्ही प्यायलात, मलाही प्यायला लावलंत. दुसऱ्या दिवशी पहिला कागद कुठे गेला असं तलाठ्यानं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "माह्या हातानं भिजला, साहेब." तो तुम्हाला अर्धा तास बोलत होता, बेजबाबदार म्हणाला, नोकरीवरून काढायला पाहिजे म्हणाला. मी खिडकीबाहेर उभा होतो. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात आणि माझं नाव काही घेतलं नाहीत.

मला तलाठ्याची नोकरी लागली तेव्हा तुम्ही अड्याळच्या बाजारातून माझ्यासाठी जाड तळाच्या चपला आणल्या होत्या. "तलाठ्याले चालाव लागते," म्हणालात. मी तेव्हा मोटारसायकलची चौकशी करत होतो. चपला मला बोटभर मोठ्या झाल्या, आणि मी त्या घातल्या नाहीत, हे तुम्हाला कळलं असेलच. आई नंतर त्या शेतात जाताना घालायची.

आता माझं सांगतो. डोंगल मी स्वतःच्या खिशात ठेवावं, गुप्त आकडा कोणाला सांगू नये, असा नियम आहे. माझं डोंगल कार्यालयातल्या खिळ्याला, संडासाच्या किल्लीच्या शेजारी, लाल दोऱ्यानं टांगलेलं असायचं. गुप्त आकडा त्याच्यावर चिकटपट्टीवर पेनानं लिहिलेला. एक ऑपरेटर पोरगा आहे, कामाला वाघ, पण सरकारी नोकर नाही. सकाळी मी बोट लावून कॉम्प्युटर उघडून द्यायचो आणि फिरतीवर निघायचो. तो माझ्या नावानं सह्या करायचा. हे मी एकटाच करतो असं नाही, असं मी इथे लिहिणार होतो. पाहा, वकिली सुरू झाली. मी करत होतो. दोन वर्षं करत होतो.

गेल्या हंगामात धान कापून बांध्यांमध्ये पडलेलं असताना पाऊस आला. सगळं पीक ओलं झालं, कापून ठेवलेल्या कडपांना कोंब फुटले. नुकसानीचे पंचनामे करत मी पंधरा-वीस दिवस चिखल तुडवत होतो. नेमकं तेव्हाच वरून फर्मान आलं, प्रलंबित फेरफार, म्हणजे बाकी नोंदी, शून्य करा. रोज संध्याकाळी कोणाचे किती बाकी याची यादी फोनवर यायची. मी ऑपरेटरला म्हटलं, पंधरा दिवस भरलेल्या सगळ्या नोंदी पक्क्या करून टाक. आमच्या कार्यालयात कोतवाल म्हणून तिशीची एक बाई आहे. कोतवालांचं नाव आता सरकारनं बदललं आहे, पण लोक कोतवालच म्हणतात, मीही म्हणतो. तिला मी म्हटलं, नोटिशींच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेव, वाटत बसायला आता वेळ नाही. ती म्हणाली, "साहेब, मी त गेलीच नाही अजून." मी म्हटलं, "तुला जायला सांगतंय कोण? सही कर." तिनं केली. माझं मंडळ त्या यादीत पहिलं आलं. बैठकीत मला पुष्पगुच्छ दिला. मी तो घरी आणून फोटो काढला आणि मुलीला पाठवला.

त्या गठ्ठ्यात एक नोंद वारसाची होती. एक म्हातारा वारला होता, दोन मुलं, एक मुलगी. मुलगी बपेऱ्याकडे दिलेली, म्हणजे आमच्याकडून दोन बस बदलून. मुलांनी अर्जासोबत तिची संमती जोडली होती, माझा वाटा मी स्वखुशीनं भावांना सोडते, खाली अंगठा. असं साध्या कागदावर चालत नाही, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. ती नोंद माझ्या डोळ्यांखालून गेली असती तर मी तिथेच अडवली असती. ती गेलीच नाही. तिच्यावर माझी सही मात्र झाली.

सहा महिन्यांनी ती बाई माझ्यासमोर उभी राहिली. पन्नाशीची असेल. बापाच्या वर्षश्राद्धाला आली तेव्हा गावात कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तिनं नवा सातबारा काढून आणला होता, घडी न मोडता, प्लास्टिकच्या पिशवीत. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी त्या मोबाईलवाल्या पोराले म्हटलं, पाह्य बरं हा कागद खरा आहे का खोटा. त्यानं फोन लावला त हिरवी टिक आली. म्हणे, माय, एकदम खरा आहे, साहेबाची सही आहे. साहेब, याच्यात माह्या बापाले पोरगीच नाही. मंग मी कोण होवो?"

मी फाईल मागवली. संमतीपत्र तिच्यासमोर ठेवलं, अजूनही माझ्या मनात होतं की तिनं अंगठा दिला असेल आणि आता फिरली असेल. ती ते पाहून हसली. हसली, बाबा. "साहेब, मी सातवी शिकली आहो. मी सही करतो. हा आंगठा कोणाचा होय?" मी कागद हातात घेतला. अंगठा स्वच्छ होता, एक अन् एक रेघ मोजता यावी असा. माझ्या डोक्यात चुलीजवळचा तो दिवस लख्ख उभा राहिला. तरी तोंडानं मी काय बोललो असेन? म्हणालो, "बाई, एकदा नोंद पक्की झाली की मला काही करता येत नाही. तुम्ही वरच्या साहेबांकडे अपील करा." हे नियमानं अगदी बरोबर आहे. तिनं विचारलं, "तुमीच केलं अना तुमालेच मोडता येत नाही?" मी घड्याळाकडे पाहिलं.

तिनं अपील केलं. सुनावणीला मला आणि कोतवाल बाईला बोलावलं. साहेबांनी विचारलं, या बाईंना नोटीस मिळाली होती का? मला खरं सांगता आलं असतं. पण डोंगल दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे निलंबन, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. सही माझी नाही असं तर म्हणताच येत नव्हतं. मग मला एकच फट दिसली. मी म्हणालो, "सर, कोतवालांनी नोटीस दिल्याची सही आहे. तिच्यावर विसंबून मी नोंद प्रमाणित केली." वाक्य इतकं सुबक आलं की मलाच आश्चर्य वाटलं.

ती बाई कोतवालाकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "काहून वं बाई, तू आली होती माह्या घरी? सांग बरं, माह्या घरचं दार कोण्या आंगाले आहे? पाणी बोरिंगचं आहे का विहिरीचं?" कोतवाल बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मी काहीतरी बोलेन. बाबा, मी फाईलची पानं उलटत होतो. त्या पानांवर काहीही नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मी त्या खुर्चीवर बसून अनुभवलं, आणि तरी तोंड उघडलं नाही. कोतवाल बाईच्या जागी तुम्ही असतात तर समोरच्या बाईला तिच्या घरचा माठ कुठे आहे ते सांगितलं असतंत. आणि तुम्ही गेला नसतात, तर सही केली नसतीत. त्या पोरीनं माझ्या शब्दावर सही केली होती.

साहेबांनी नोंदीला स्थगिती दिली, म्हणजे भावांना सध्या जमीन विकता येणार नाही, एवढं बरं झालं. माझ्याकडून लेखी म्हणणं मागवलं. आणि तहसीलमधून कोतवाल बाईला नोटीस निघाली, खोटी तामील दाखवल्याबद्दल कामावरून का काढू नये. ती बुधवारी माझ्या घरी आली, मागच्या दारानं. माझ्या बायकोनं तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, चहा दिला. तिनं पदराआडून कागद-पेन काढलं आणि म्हणाली, "साहेब, जवाबात काय लिवू तुमीच सांगा. नाही गेली म्हणून लिवावं त तुमचं नाव येते. गेली म्हणून लिवावं त थे बाई मले दार इचारते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. माझं नाव येऊ नये याची काळजी ती वाहत होती, माझ्याच स्वयंपाकघरात बसून.

मी तिला सांगितलं, लिही, 'मी संबंधितांच्या गावी गेले असता घर बंद आढळले, सबब नोटीस दारावर चिकटवली.' ती एकेक शब्द माझ्या तोंडाकडे पाहत लिहीत गेली. अक्षर सुरेख आहे तिचं. 'सबब' कसं लिहायचं ते तिनं विचारलं आणि मी सांगितलं. उठताना म्हणाली, "याच्यानं माही नोकरी राहीन न, साहेब? घरी कमावणारी मी एकलीच आहो." मी म्हणालो, "पाहू." ती गेल्यावर बायकोनं कपबशी उचलली, धुतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ती तुमच्यावर भरवसा ठेवून लिवून राह्यली होती." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मला स्वतःची इतकी लाज वाटते आहे की ती कुठे ठेवावी कळत नाही. नोकरीत पैसे खाल्ले नाहीत, कोणाला छळलं नाही, याचा मला जरा गर्वच होता. कोतवालाचा पोरगा मंडळ अधिकारी झाला हे मी भाषणात सांगायचो, टाळ्या पडायच्या. आणि त्याच माणसानं एका कोतवालाला पुढे करून आपली कातडी वाचवली. शेवटी तीच तेवढी हाताशी होती आणि बोलणार नव्हती, म्हणून. तुम्हीही बोलला नव्हतात, पण ते तुम्ही तुमच्या मुलासाठी केलंत. मी तिचा कोण लागतो?

आज रविवार आहे. दुपारी जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटर उघडून साहेबांना द्यायचं लेखी म्हणणं स्वतः टाईप केलं. दुसऱ्याकडून करून घेण्यासारखं ते नव्हतंच. मला दोन बोटांनीच जमतं, अडीच तास लागले. डोंगल ऑपरेटरकडे असायचं हे त्यात आहे. ती नोंद मी पाहिली नव्हती, कोतवालांना मी नोटीस घेऊन पाठवलंच नव्हतं, त्यांच्या सह्या माझ्या सांगण्यावरून आधीच घेतल्या होत्या, हे आहे. त्यांचा बुधवारचा जबाबही मीच सांगून लिहून घेतला, घर बंद आढळल्याची गोष्ट माझ्या डोक्यातली आहे, हेही आहे. सगळ्यात जास्त वेळ या वाक्याला लागला. कागद छापून बॅगेत ठेवला आहे. उद्या अकरा वाजता साहेबांच्या हाती देणार आहे, आणि त्याआधी कोतवाल बाईच्या घरी जाऊन तो तिला वाचायला देणार आहे. निलंबन व्हायचं ते होईल. बायकोला अजून सांगितलेलं नाही, पण प्रिंटरचा आवाज ऐकून ती दारापर्यंत येऊन गेली.

हे पत्र मात्र कोणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणून शेवटचं तेवढं इथेच सांगून टाकतो. त्या कागदाच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं आहे, 'माझे डोंगल अनवधानाने ऑपरेटर यांच्या ताब्यात राहिले.' दोन वर्षं ते माझ्याच हातानं ठोकलेल्या खिळ्याला टांगलेलं होतं, बाबा. मी ते 'अनवधानाने' तीनदा खोडलं. खोडलं की ते वाक्य माझ्याच्यानं वाचवत नाही, म्हणून तीनदा परत घातलं. बॅगेत जो कागद आहे त्यात तो शब्द आहे.